डॉन सेगुंदोला मिळालेला होकार

बालीते, बातांगास
२६ ऑक्टोबर

माननीय तिता चायोंग यांस,

तुमचा भाचा अनाक्लेतो याने तुमचा उजवा हात इथूनच उचलून आपल्या कपाळाला लावला आहे असं समजावं आणि तिथूनच आशीर्वाद द्यावा. गुडघा कसा आहे? रोममध्ये आता थंडी पडू लागली असेल आणि तुम्ही ज्यांना सांभाळता त्या म्हाताऱ्या सिन्योरांना चौथ्या मजल्यावरून खाली उतरवायचं म्हणजे गुडघ्याची परीक्षाच, तेव्हा मागच्या पत्रात सांगितलेलं आल्याचं तेल सोडू नका. सिन्योरांनाही माझा नमस्कार कळवा (मी कोण हे त्यांना समजलं नाही तर समजावत बसू नका, तुम्ही कोण हेच त्या अधूनमधून विसरतात असं तुम्ही लिहिलं होतं). इकडे सगळं छान आहे. तुमच्या मातोश्री, म्हणजे आमची लोला, यांना ब्याऐंशी पुरी झाली. दात पाचच उरलेत पण पाचही मोक्याच्या जागी आहेत, आणि आवाज तर दरवर्षी तरुण होत चाललाय. परसातल्या कॉफीला यंदा फळ चांगलं धरलंय. तुम्ही पाठवलेली पोपसाहेबांच्या चित्राची बशी लोलानं जेवणाच्या टेबलासमोर भिंतीवर टांगली आणि तिच्यासमोर कुणी ढेकर द्यायचा नाही असा हुकूम काढला, त्यामुळे पाहुणे हल्ली लवकर उठतात. मी स्वतः ठणठणीत. एकेचाळिसावं लागलं तरी नगरपालिकेतल्या बायका मला छत्तिशीचा समजतात (दोघी तरी समजतात).

पत्र लिहायला तसं खास कारण काही नाही. सहज तुमची आठवण आली. एवढंच की लुसिंगचं लग्न मोडायच्या बेतात आहे आणि ते मी मोडलं असं सगळ्या गावाचं म्हणणं आहे.

घाबरून जाऊ नका, प्रकरण मी पूर्णपणे हातात घेतलेलं आहे. तुम्हाला ठाऊकच आहे की माझ्या या धाकट्या बहिणीचा नवरामुलगा, नेमे, बोटीवर असतो. तो बारा डिसेंबरला घरी येणार, वीस डिसेंबरला लग्न, आणि एकोणतीस तारखेला परत बोट पकडली की पुढचे दहा महिने समुद्रात. म्हणजे लग्न झालं तर याच वर्षी, नाहीतर पुढच्या वर्षाच्या शेवटी, तेही बोटीच्या कप्तानाची मर्जी असेल तर. आणि लोला म्हणते याच वर्षी होणार नाही. का, तर या वर्षी आमच्या घरात एक लग्न आधीच झालेलं आहे. कुणाचं? माझं.

आता तुम्ही म्हणाल, अनाक्लेतोचं लग्न झालं आणि मला कळवलं नाही? तिता, मलाच कुणी कळवलं नव्हतं. झालं ते असं.

रोझरीच्या उत्सवात चर्चसमोरच्या चौकात आपल्या गावाचं जुनं संगीत नाटक, ‘डॉन सेगुंदोचं लग्न’, तीन पिढ्या होत आलंय हे मी तुम्हाला काय सांगायचं? तुम्ही स्वतः एके काळी त्यात नेनेंग झाला होतात आणि तुमचं ते शेवटचं ‘नाही!’ नदीपलीकडच्या वाडीत ऐकू गेलं होतं असं लोला अजून सांगते. (त्यानंतर महिनाभरात तुम्ही तियो अंदोयना ‘होय’ म्हणालात आणि घरातून पळून गेलात, ते मात्र शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू आलं नाही, असंही सांगते.) तरी तुम्हाला घर सोडून अकरा वर्षं झाली, म्हणून थोडी उजळणी. डॉन सेगुंदो हा पन्नाशीचा जमीनदार, मिशांना कलप लावणारा, स्वतःवर बेहद्द खूश. त्याला गरीब नेनेंगशी लग्न करायचंय. तीन अंक तो तिच्या घरी डुक्कर, तांदूळ आणि कविता पाठवतो. शेवटी वेदीपुढे पाद्री विचारतात, ‘नेनेंग, या पुरुषाला पती म्हणून स्वीकारतेस?’ त्यावर ती ‘नाही!’ म्हणते, तिचा लाडका सुतार खिडकीतून उडी मारून येतो, तिला घेऊन जातो, डॉन मूर्च्छित पडतो, पडदा पडतो. आणि तो ‘नाही’ नेनेंग एकटी कधीच म्हणत नाही. सगळा चौक म्हणतो. आंब्याच्या झाडावर चढलेली पोरं म्हणतात, सरबतवाली म्हणते, बंदोबस्ताचा पोलीसही टोपी काढून म्हणतो. गावातली तान्ही मुलं बोलायला शिकतात तेव्हा त्यांच्या पहिल्या चार शब्दांत हा असतोच.

गेली सात वर्षं डॉन सेगुंदो मी करतो आणि दिग्दर्शनही मीच करतो, कारण दुसऱ्या कुणाला दिलं तर तो माझ्या भूमिकेत लुडबुड करणार. स्वतःच्या तोंडानं सांगू नये, पण माझ्या डॉनमध्ये एक खानदानी दुःख आहे. लोक हसतात ते मला नीट न समजल्यामुळे. नेनेंगचं काम त्याच सात वर्षांपासून शाळेतल्या चौथीच्या बाई, मिस पुरा, करतात. वय छत्तीस, पण ओढणी घेतली आणि दिवे जरा मंद केले की अठरा म्हणून सहज खपून जातात. त्यांची खरी करामत म्हणजे पाठांतर. तिन्ही अंक, सगळ्यांची वाक्यं, गाणी, शिवाय डुकरानं कुठे ओरडायचं तेही त्यांना ठाऊक. दुसऱ्या अंकातली माझी लांबलचक कविता मी त्यांच्याकडे बघून म्हणतो ते प्रेमभावासाठी असं लोकांना वाटतं. खरं तर त्या ओठ न हलवता मला पुढची ओळ सांगत असतात. बाई तशा फार कर्तव्यदक्ष आहेत. दर गुरुवारी नगरपालिकेत माझ्या टेबलापाशी येतात, वर्गातल्या कुठल्या ना कुठल्या पोराचा जन्मदाखला मागायला, आणि येताना केळीच्या पानात उकडलेलं, चिकट तांदळाचं गोड सुमान आणतात. वर्गात पोरं बत्तीस आणि मी आजवर दाखले दिले असतील तीनशेच्या वर. पण शाळेचे नियम काटेकोर असतात, मी कधी चौकशी केली नाही.

यंदा पहिली अडचण आली ती पाद्र्याची. बावीस वर्षं ते काम करणारे न्हावी मांग कुलास उत्सवाच्या चार दिवस आधी गालगुंड होऊन पडले. गाल एवढे सुजले की त्यांच्याकडे बघून कुणाला धर्मच आठवेना. मी डगमगलो नाही. सरळ फादर मोदेस्तोंकडे गेलो आणि म्हटलं, तुम्हीच उभे राहा, तुम्हाला पाठांतरसुद्धा करायला नको. फादर इतके खूश झाले की झगा, पट्टा, पुस्तक, सगळं खरंखुरं घेऊन आले. तालमीला मात्र एकदाही आले नाहीत. म्हणाले, “अरे, बत्तीस वर्षं दर शनिवारी हेच करतोय, मला काय शिकवतोस!” मलाही ते पटलं. दुसरी अडचण नववधूच्या पोशाखाची. नाटकाचा जुना पांढरा झगा उंदरांनी अर्ध्यावर आणून ठेवलेला. मी लुसिंगला म्हटलं, तुझा लग्नाचा शिवून आलाय तो एका संध्याकाळपुरता दे. तर लुसिंगनं मला चप्पल फेकून मारली आणि लोलानं ती चप्पल परत नेऊन लुसिंगच्या हातात दिली. लग्नाआधी लग्नाचा झगा अंगाला लागला की लग्न होत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं, तुला कळत नाही का, असं दोघी एका सुरात म्हणाल्या. मी म्हटलं, या सगळ्या भाकडकथा आहेत. (हे जरा बाहेर जाऊन म्हटलं.) शेवटी मिस पुरा म्हणाल्या, राहू दे, मी घरून आणते. आणि आणला. अंगावर असा बसला जणू मापानं शिवलेला. कुठून आणला ते मी विचारलं नाही, दिग्दर्शकाला शंभर कामं असतात. वधूवरांच्या गळ्यात मिळून घालायचा लग्नाचा दोर तेवढा उरला होता, तो लोलानं स्वतःच्या पेटीतला काढून दिला. तिच्या आणि लोलोंच्या गळ्यात पडलेला तोच, रेशमी, जरा पिवळा झालेला.

संध्याकाळी साडेसहाला पडदा उघडला. पहिला अंक उत्तम. दुसऱ्या अंकात घामानं माझ्या मिशांचा कलप तोंडात उतरला आणि दात काळे झाले, पण त्यानं भूमिकेला वजनच आलं. तिसरा अंक, चर्च. लोला पहिल्या रांगेत, हातात पंखा. लुसिंग तिच्या शेजारी. फादर मोदेस्तोंनी पुस्तक उघडलं आणि तुम्हाला सांगतो, असा पाद्री आपल्या रंगभूमीनं पाहिला नसेल. त्यांनी विचारलं, नेनेंग, स्वीकारतेस का? सगळ्या चौकानं छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, “नाही!” कबुतरं उडाली. आणि तो आवाज विरत असतानाच माइकमधून मिस पुरांचा आवाज आला, अगदी शांत, वर्गात हजेरी घेतात तसा, “होय, फादर.”

पाठांतर चांगलं असलेली माणसंच एखाद्या दिवशी अशी घसरतात. मी समजून घेतलं. पण चौकात मात्र एवढी शांतता पसरली की आंब्यावरून एक पोरगं खाली उतरलेलं ऐकू आलं. फादरांची भंबेरी उडाली. त्यांनी मला नंतर सांगितलं ते त्यांच्या बाजूनं बरोबर आहे: “बाबा रे, ‘होय’नंतर काय येतं ते मला झोपेतही येतं. ‘नाही’नंतर काय येतं ते मी उभ्या आयुष्यात ऐकलेलं नाही!” तेव्हा त्यांची जीभ रुळावरून सरळ पुढे गेली. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “आणि तू, अनाक्लेतो?” सेगुंदो नाही. अनाक्लेतो.

तिता, मी नट आहे. सहकलाकार चुकला की प्रसंग सावरून घेणं हा नटाचा धर्म. मी ‘होय’ म्हणालो. केवळ प्रसंग सावरण्यासाठी. (जरा मोठ्यानं म्हणालो असं लोक म्हणतात. तो माइकचा दोष.) मग सगळं आपोआपच होत गेलं. दोर घेऊन उभ्या असलेल्या दोन बायकांनी ‘नाही’ ऐकून तो खाली टाकायचा असतो, त्यांनी आमच्या गळ्यात घातला, आणि लोला पहिल्या रांगेतून सवयीनं ओरडली, “आठाचा आकडा नीट पाडा गं!” त्यांनी पाडला. फादरांनी शेवटचा आशीर्वाद दिला, क्रूस काढला, पुस्तक मिटलं. तेव्हा कुठे लोलाच्या हातातला पंखा गळून पडला आणि ती लुसिंगचा दंड धरून म्हणाली, “अगं बाई, हे काय झालं?” सुताराचं काम करणारे दातांचे डॉक्टर बिचारे खिडकीमागे ‘नाही’नंतरच्या गडबडीची वाट बघत होते. गडबड होईना म्हणून त्यांनी अंदाजानं उडी मारली, आम्हाला दोरात बांधलेलं पाहिलं, म्हणाले, “अभिनंदन,” आणि आले तसे खिडकीतून परत गेले. पडदा ओढणाऱ्याला एवढंच ठाऊक की डॉन पडला की पडदा पाडायचा. म्हणून मी पडलो. दोर मिस पुरांच्याही गळ्यात होता हे माझ्या लक्षात राहिलं नाही. त्या माझ्यावर पडल्या. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीच्या वेळी लोलानं निकाल दिला. सुकोब. एका आईच्या पोटची दोन भावंडं एका वर्षात लग्न करत नाहीत. केलं तर एकाचं नशीब दुसरा खातो. माझं झालं, आता लुसिंगचं नाही. मी हसलो. एकोणीस वर्षं नगरपालिकेत लग्नांची नोंद करणाऱ्या माणसाला लग्न म्हणजे काय ते सांगता? मी कायद्याचं पुस्तक आणून टेबलावर आपटलं (पोपसाहेबांची बशी हलली, त्याबद्दल आधी बोलणी खाल्ली) आणि म्हटलं, परवाना नाही, नोंद नाही, शिक्का नाही, तर लग्न नाही. लोला म्हणाली, “सुकोब तुझ्या टेबलाशी रांगेत उभा राहतो का रे शिक्का मारून घ्यायला?” मी फादर मोदेस्तोंना बोलावून आणलं. त्यांनी आधी भाताच्या दोन ताटल्या संपवल्या आणि मग सांगितलं की आजी, दोघांच्या मनात लग्नाचा हेतू नसेल तर चर्च ते लग्न धरत नाही. लोला म्हणाली, “नसेल तर ना? मग याला विचारा.” फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बशीकडे पाहिलं. लुसिंग रडायला लागली.

आणि लोलाचा हुकमी एक्का म्हणजे, माफ करा, तुम्ही. घरात सुकोबचा विषय निघाला की ती बोट मोडून दाखवते: चायोंगनं आणि तिच्या बहिणीनं (म्हणजे माझ्या आईनं) एकाच वर्षी लग्नं केली, काय झालं? आमच्या तातयना, म्हणजे वडिलांना, त्याच वर्षी रेड्यानं लाथ घातली आणि ते जन्माचे लंगडे झाले, आणि तियो अंदोय काही वर्षांनी एका दुपारी बर्फ आणायला म्हणून गेले ते अजून आलेले नाहीत. ओलोंगापोत कुणीतरी त्यांना पाहिलं, दुसऱ्या बाईबरोबर, हातात बर्फ नव्हता. हे तुम्हाला नवीन नाही. तुम्ही इथे असताना दर जेवणाला ऐकलेलं आहे.

शेवटी लोलानं एक अट घातली. म्हणाली, “ठीक आहे, नाटक होतं म्हणतोस ना? जा पुराच्या घरी. तिच्या तोंडावर सांग की ते सगळं नाटक होतं, खोटं होतं. एवढं सांगून ये, वीस तारखेला लुसिंगचं लग्न लावून देते.” एवढंच! मी म्हटलं, आत्ता जातो. पण त्या दिवशी ऑफिस होतं. मग तिमाही अहवाल होता. मग बुटांना तळवे लावायला टाकले होते. मधला आठवडा पावसात गेला. मिस पुराही मागच्या दोन गुरुवारी आल्या नाहीत, सगळ्या पोरांचे दाखले झाले असावेत. “कुया, एक वाक्य बोलायचंय!” असं लुसिंग रोज सकाळ-संध्याकाळ म्हणते. “मोठमोठाल्या कविता पाठ करतोस, एक वाक्य येत नाही?” तिला कळत नाही की अशा गोष्टी घाईनं करायच्या नसतात. पण आता ठरलंय. उद्या पाचला जातो, सव्वापाचला परत.

तरीही खबरदारी म्हणून तुम्हाला विनंती. तुम्ही रोममध्ये म्हणजे पोपसाहेबांच्या भिंतीला भिंत लागून राहता अशी लोलाची पक्की समजूत आहे, ती मोडू नका. घुमटाचं चित्र छापलेला एक कागद घ्या आणि त्यावर ठळक अक्षरात लिहा की नाटकातल्या लग्नाला सुकोब लागत नाही. जमलं तर (नाजूक गोष्ट आहे, रागावू नका) हेही लिहा की तियो अंदोय गेले ते सुकोबमुळे नाही, आपल्या गुणांनी गेले. तुमच्याखेरीज हे दुसरं कोण सांगू शकणार? लुसिंगच्या लग्नाला तो कागद पुरेल. गुडघ्याला जपा.

तुमचा हात पुन्हा एकदा कपाळाला लावणारा,
अनाक्लेतो

ता. क. (२८ ऑक्टोबर) पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरंच झालं. काल गेलो होतो. तीनचाकीत बसल्यापासून वाक्य घोकत होतो, ‘मिस पुरा, ते सगळं नाटक होतं.’ इतकं घोकलं की उतरताना तीनचाकीवालाच म्हणाला, “मीच सांगून येऊ का?” बाई पडवीत वह्या तपासत होत्या. बसा म्हणाल्या. मी बसलो आणि विषय सौम्यपणे काढावा म्हणून म्हटलं, मिस पुरा, त्या दिवशी तुम्ही वाक्य विसरलात. त्यांनी लाल पेन खाली ठेवलं. “अनाक्लेतो, सात वर्षांत मी एकदा तरी वाक्य विसरलेय का?” मला असा प्रश्न विचारला की मी नोंदी तपासून उत्तर देतो. तपासल्या. एकदाही नाही. मी म्हटलं, मग? त्या म्हणाल्या, “मग काय? माझ्या चौथीतल्या पोरांनासुद्धा एवढं गणित सुटलं असतं.” तिता, त्या क्षणी मला ते तीनशे दाखले आठवले. एकेक सुमान आठवलं. आणि मी तोंड उघडलं तर वाक्यच येईना. सात वर्षं त्या मला पुढची ओळ सांगत आल्या, काल सांगितली नाही. मी पावणेआठपर्यंत तिथेच होतो. ते वाक्य मी बोललो नाही आणि आता कधी बोलणारही नाही. दुसरं एक बोललो. त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते सगळ्या चौकानं आधीच ऐकलेलं आहे.

ता. क. २. आता खरी पंचाईत ऐका. तो पांढरा झगा पुरानं स्वतः शिवलेला आहे. पावसाळाभर शिवत होती. मी म्हटलं, अगं, मग नाटकात कशाला घातलास, लग्नाआधी घातला की लग्न होत नाही ना? (भाकडकथा वगैरे मी म्हणालो होतो ते तूर्त बाजूला ठेवा.) ती म्हणाली, “ठाऊक होतं. सात वर्षं वाट बघितली, तू काही विचारत नाहीस. म्हटलं, घालूनच टाकावा, आणि घातलाच आहे तर ‘होय’ही म्हणून टाकावं.” म्हणजे ते लग्न धरलं तर लुसिंगचं बुडतं, आणि नाही धरलं तर वापरलेल्या झग्यामुळे पुराचं बुडतं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, पण पहाटे तोडगा सापडला, आणि तो मीच काढला. लग्न धरायचं नाही. डिसेंबरात लुसिंग, मग वर्ष बदललं की जानेवारीत आम्ही दोघं, खऱ्या वेदीपुढे, आणि नव्या झग्यात. तो नवा झगा रोमहून तुम्ही आणायचा. सोबत धागा जोडला आहे, पहिली गाठ खांद्याची, दुसरी कमरेची, तिसरी घोट्याची (माप मी घेतलेलं नाही, गैरसमज नको). पुराला तो आधी घालून बघता येणार नाही, तेव्हा माप चुकू देऊ नका. आणि पोस्टानं पाठवू नका, घेऊन या. आमच्या लग्नाच्या निनांग, म्हणजे साक्षीच्या धर्ममाता, म्हणून तुम्हीच उभ्या राहायच्या आहेत. हे सगळं पहिल्या ओळीतच लिहायला हवं होतं, पण पहिली ओळ लिहिली तेव्हा मलाच ठाऊक नव्हतं.

ता. क. ३. पत्र बंद करण्याआधी लोलाला सगळं वाचून दाखवावं लागलं, कारण धाग्याच्या गाठी तिनं मारल्यात आणि कशासाठी मारल्या ते तिला कळायला हवं होतं. ऐकून ती म्हणाली की तिला कुठल्या कागदाची गरज नाही. या ठोंब्यानं तोंड उघडावं एवढ्यासाठीच ती अडून बसली होती, लुसिंगनं खुशाल वीस तारखेला लग्न करावं. मग बशीकडे बघत म्हणाली, अंदोयबद्दल लिहिलंयस ते खोड. ते चायोंगनं मला लिहून द्यायचं नाही, मी तिला सांगायचं होतं. तो सुकोबमुळे गेला नाही, तिच्यामुळेही नाही. तो होताच तसला, पहिल्यांदा पाहिला तेव्हाच मला दिसलं होतं, आणि तरी मी तिला वर्षानुवर्षं जेवायला वाढता वाढता दोष दिला म्हणून ती एवढी लांब गेली. हे लिही, म्हणाली. मी खोडलेलं काही नाही, तिचं तेवढं खाली जोडलं आहे. झगा मिळाला नाही तरी चालेल म्हणते, पण तुम्ही या.